बत्तीस अक्षरांचा भरवसा

३ फेब्रुवारी

प्रिय तात्या,

माझं हस्ताक्षर बघून दचकला असशील. एरवी आपण फोनवर बोलतो आणि आज एकदम पत्र. मोठ्या बाईंनी संस्थेत सगळ्यांना बजावलंय, या विषयावर फोनवर अवाक्षर काढायचं नाही, मेलवर तर नाहीच. कोण कुठून ऐकतंय कळत नाही.

आमचं काम तुला माहीत आहे. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांना आम्ही लपवून ठेवतो. तीन घरं, तीन वेगळ्या रस्त्यांवर, एकावरही पाटी नाही. कुणाला कधी, कुठे हलवायचं ते तू सात वर्षांपूर्वी एका दुपारी बसून करून दिलेल्या पद्धतीनं कळवतो. मी संस्थेच्या मशीनवर, त्या काळ्या खिडकीत एक शब्द टाइप करते, बत्तीस अक्षरांचा कोड पडतो आणि त्या कोडाचं एक पान तयार होतं. पानावर पत्ता, वेळ, न्यायला कोण येणार ते. बाईच्या फोनवर फक्त लिंक जाते. कोड ज्याच्याकडे, त्यालाच पान दिसतं.

गेल्या महिन्यात एक शिवणकाम करणारी आली. आम्ही तिला टेलरबाई म्हणतो. डाव्या कानानं ऐकू येत नाही. का, ते विचारू नकोस. येताना तिचा जुना फोन घरीच राहिला. नवरा एका कार्यालयात कॉम्प्युटरचं जाळं सांभाळतो. शिकलेला, गोड बोलणारा. गेल्या आठवड्यात सकाळी अकराला त्यानं आमच्या दुसऱ्या घराची बेल वाजवली. दाराबाहेरूनच म्हणाला, "हिचा स्वेटर राहिला होता. गारठा आहे ना." आम्ही दार उघडलं नाही. घडी घातलेला स्वेटर पायरीवर ठेवून तो निघून गेला.

त्याच दुपारी तिला तिसऱ्या घरी हलवलं. परवा तिथल्या पायरीवर तिच्या चपला होत्या. पुसून, जोडीनं लावलेल्या.

पत्ते फक्त तिघींना ठाऊक. मोठ्या बाई, मी, आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी. तात्या, तो कोड कुणाला ओळखता येईल का रे? आम्ही अकरा बायका सांभाळतोय.

तुझी ताई


७ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून वाईट वाटलं, पण शेवटच्या प्रश्नाला जरा हसूही आलं. रागावू नकोस. बत्तीस जागा आणि प्रत्येक जागी सोळातलं कुठलंही एक चिन्ह. जगातले सगळे कॉम्प्युटर कामाला लावले तरी पृथ्वीचं आयुष्य संपेल, पण कोड सापडणार नाही. हे लेखी देतो. हवं तर पोलिसांना दाखव.

कुलूप मजबूत असलं की चोर किल्लीवाल्याला गाठतो. आमच्या धंद्यात दहातल्या नऊ वेळा भानगड मशीनमध्ये नसते, माणसात असते. पत्ते तिघींना ठाऊक. तुम्हा दोघींना वगळलं तर उरलं कोण? मला त्या मावशींबद्दल काही माहीत नाही, पण माणूस गरजेपोटी काय करेल सांगता येत नाही. नीट बघा.

जाता जाता एक बातमी. कंपनीनं मला सुरक्षा विभागाचा प्रमुख केलंय. आता तरी लहानपणी मला 'तात्या' नाव ठेवल्याची लाज वाटू दे! उगाच नव्हतो मी तेव्हापासून उपदेश करत.

काळजी करू नकोस.

तुझा तात्या


१२ फेब्रुवारी

प्रिय तात्या,

तुझं म्हणणं मी मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. आम्ही मावशींना समोर बसवलं. अकरा वर्षं आहेत त्या आमच्याकडे. "तुम्ही कुणाशी बोललात का?" मोठ्या बाईंनी विचारलं. त्या म्हणाल्या, "कुणाशी बोलणार? मी तर घरी सांगताना शाळेत कामाला जाते म्हणून सांगते." मग मी त्यांची पिशवी तपासली. हो, मीच. आत डब्याचं झाकण, चष्मा आणि एक अर्धवट विणलेलं टोपडं. त्यांनी पिशवी परत घेतली, ॲप्रनची गाठ सोडली, तो घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता ऐक. मावशी गेल्यावर मोठ्या बाईंनी ओळखीतली एक रिकामी जागा घेतली. चौथी. पत्ता फक्त त्यांना आणि मला माहीत. नेहमीप्रमाणे पान केलं, टेलरबाईला नेलं. काल सकाळी दाराशी तिची कात्री होती. नवी धार लावलेली.

तिनं कात्री हातात घेतली आणि खाली बसली. म्हणाली, "ताई, तुम्ही नका हलवू आता मला. तो वाट्टेल तिथं येतो."

आता मोठ्या बाई माझ्याकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे. पोलिसांना मी लेखी जबाब दिलाय, त्यात तुझं वाक्य जसंच्या तसं घातलंय, की कोड ओळखणं अशक्य आहे. इन्स्पेक्टर मान हलवत म्हणाले, "मग घरातलंच कुणी."

तात्या, हात जोडते. एक दिवस काढून ये आणि ते मशीन उघडून बघ.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

इथे फार गडबड आहे, महिनाभर तरी सुट्टी मिळणार नाही. सध्या शक्य तेवढं त्या लिंकचं काम थांबव. तोंडी निरोप द्या. कारण विशेष काही नाही, उगाच खबरदारी.

तब्येत सांभाळ.

तात्या


२५ फेब्रुवारी

तात्या,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. बहीण बुडतेय आणि भाऊ म्हणतोय तब्येत सांभाळ. तोंडी निरोप द्यायचे कुणी? मावशी द्यायच्या ते. त्यांना आम्ही हाकललं. लिंकवाचून आमचं पान हलत नाही, म्हणून चालूच ठेवलं.

काल टेलरबाईची कानाची तपासणी होती. पानावर मी लिहिलं होतं: अकरा वाजता, दवाखान्याच्या मागच्या दाराशी, पांढरी गाडी, चालकाच्या हातात निळी छत्री. अकराला पाच कमी असताना पांढरी गाडी आली. चालकाच्या हातात निळी छत्री होती. ती बसली. का नाही बसणार? मीच तर लिहिलं होतं तसं.

दुसऱ्या वळणावर गाडी थांबली आणि नवरा आत चढला. म्हणाला, "स्वेटर मिळाला ना?"

तिनं चालत्या गाडीचं दार उघडून उडी मारली. मागून मालाचा टेम्पो येत होता. जीव वाचला. कंबरेचं हाड मोडलंय आणि उजव्या हाताचा पंजा चाकाखाली आला. शिवणकाम करणारीचा उजवा हात, तात्या.

लोकांनी गाडी अडवली, नवऱ्याला पकडलं. पण इन्स्पेक्टर काय म्हणतात माहितीये? "बाई स्वतःहून गाडीत बसल्या, चार जणांनी बघितलंय. नवरा म्हणतो तिनंच बोलावलं, प्रत्येक वेळी पत्ता तिनंच दिला. आणि कोड ओळखता येत नाही असं तुम्हीच लेखी दिलंय. मग दुसरं कोण देणार?" तुझं वाक्य त्याच्या वकिलाच्या कामी आलं. दोनतीन आठवड्यांत जामीन होईल म्हणतात.

वर चार दिवसांपासून फोन येताहेत. उचलला की कुणी बोलत नाही, नुसता श्वास. दोन बायकांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलंय, बाहेर येत नाहीत. माझी अक्कल चालेनाशी झालीये. तिला शुद्ध आली तेव्हा तिनं मला काय विचारलं सांगू? "ताई, तुम्ही सांगितलंत का त्याला?"

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझ्यासारखंच मीही हे पत्र बसच्या चालकाच्या हाती देतोय, संध्याकाळच्या आत मिळेल. बाकीचं वाचण्याआधी उठ आणि मशीनवरची सगळी जुनी पानं पुसून टाक. सगळी. अकरा बायकांची. ती पुसली गेल्यावर पुढे वाच.

ते फोन मी करत होतो. तू 'हॅलो' म्हणायचीस आणि माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मी ठेवून द्यायचो. त्या बायकांना सांग, दार उघडा म्हणावं, तो माझा भेकड भाऊ होता.

कोड ओळखता येतो. माझ्यामुळे.

कोड पाडणाऱ्या त्या फाईलची प्रत माझ्याकडे होती, पण तुझ्या पहिल्या पत्राला उत्तर देताना मी ती उघडूनही बघितली नव्हती. दुसऱ्या पत्रानंतर उघडली, पंधरा तारखेला सकाळी. आत माझी ही ओळ होती:

date +%s | md5sum | head -c 32

सोप्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटरच्या घड्याळातला त्या क्षणाचा सेकंद घ्यायचा आणि तो एका ठरलेल्या यंत्रातून दळून काढायचा. बाहेर पडतं ते पीठ दिसायला अगम्य, पण एका सेकंदाचं पीठ नेहमी एकच. दिवसात सेकंद किती? शहाऐंशी हजार चारशे. तू पानं करतेस कामाच्या वेळेत, म्हणजे तीसेक हजारच. तिचा जुना फोन घरी राहिला, त्यात पहिली लिंक आणि ती लिंक फोनवर आल्याची वेळ होती. त्या माणसाला गंमत कळायला एक दुपार पुरली असेल. मग रोज प्रत्येक सेकंदाचा कोड काढायचा आणि दार ठोठावत जायचं, म्हणजे त्या कोडाचं पान आहे का ते मशीनला विचारायचं. मी बत्तीस अक्षरांचा हिशेब मांडला. ती कुठून आली ते विसरलो. तेव्हा घाई होती, कुठूनशी उचललेली ओळ होती, तू कौतुकानं बघत होतीस.

पंधरा तारखेला मला सगळं कळलं होतं, ताई. "एकही पान ठेवू नकोस, नवं करूही नकोस" एवढी एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. पण तू 'का' विचारलं असतंस. नवी खुर्ची मिळून पंधरा दिवस झाले होते. मी स्वतःला म्हणत राहिलो, काही होणार नाही, थोड्या दिवसांनी जाऊन गुपचूप बदलून येऊ. ते थोडे दिवस तिच्या हातावरून गेले.

त्यानं ठोठावलेलं प्रत्येक दार मशीन लिहून ठेवतं. access.log नावाची फाईल आहे, ती जपून ठेव, पुसू नकोस. तोच पुरावा. मी यायला तयार आहे. तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तिथे.

तात्या


१ मार्च

तात्या,

पानं पुसली. मग अकराही जणींना दोन दिवसांत हलवलं, सगळे निरोप तोंडी, मी आणि मोठ्या बाई पायी फिरून. पायांचे तुकडे पडलेत.

ती फाईल उघडली. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एक बाई मोठ्या बाईंच्या ओळखीच्या आहेत, त्यांनी कशी वाचायची ते दाखवलं. एका सकाळच्या ओळी मोजल्या. नाही, नाही, नाही, नाही, असं एकोणीस हजार वेळा. आणि मग एक 'हो'. तो 'हो' म्हणजे निळी छत्री.

तुला काय बोलू? तुझ्या शिक्षणासाठी मी माझं लग्न दोन वर्षं पुढे ढकललं, ते काढत नाही. पिशवी मी तपासली, ते पाप माझंच. पण दहा दिवस, तात्या! दहा दिवस तुला ठाऊक होतं आणि तू लिहिलंस 'विशेष काही नाही'.

माझ्या घरी येऊ नकोस. कोर्टात ये. एकवीस तारखेला जामिनाची सुनावणी आहे. तिथं तुझ्या तोंडानं सांग, नाव सांगून, खुर्ची सांगून.

आणि मशीनला हात लावायचा नाहीस. खरा कोड कसा काढतात ते लिहून पाठव, मी स्वतः करीन. प्रत्येक शब्दाचा अर्थ हवा. यापुढे न समजलेली एक ओळही मी वापरणार नाही.

ताई


४ मार्च

ताई,

फाईलमधली जुनी ओळ खोड. तिच्या जागी एवढंच:

openssl rand -hex 32

openssl हे हत्यार मशीनवर आधीपासून आहे. rand म्हणजे यदृच्छेनं, कुठल्याही नियमाशिवाय काढ. 32 म्हणजे बत्तीस बाईट, मशीनच्या मापातले बत्तीस कण, आणि hex मुळे ते आकडे आणि a ते f एवढ्याच अक्षरांत छापले जातील, एका बाईटची दोन अक्षरं. म्हणून आता चौसष्ट दिसतील, घाबरू नकोस. यात घड्याळ नाही, तारीख नाही. मशीन आपल्या पोटातली बारीकसारीक खुडबूड सतत गोळा करत असतं, कुठली कळ किती क्षणांनी दाबली गेली, कुठला तुकडा कधी जागा झाला. त्यातून जे निघतं त्याचा अंदाज मला नाही, त्याला नाही, मशीन बनवणाऱ्यालाही नाही. एकापाठोपाठ दोनदा कळ दाब. दोन्हींत काहीच नातं दिसणार नाही. मात्र नुसतं तसं दिसण्यावर भरवसा ठेवू नकोस. माझी जुनी अक्षरंही तशीच दिसायची.

कुणी $RANDOM वापर म्हणालं तर ऐकू नकोस. नाव यदृच्छेचं, पण त्यातून बत्तीस हजार सातशे अडुसष्टच आकडे निघतात. ते सगळे एकेक करून बघायला त्याच्यासारख्याला एक सकाळ पुरेल.

सोबतच्या कागदावर आणखी काही ओळी आहेत. पान एकदा उघडलं की आपोआप पुसलं जाईल आणि एकाच ठिकाणाहून वीसदा चुकीचं दार ठोठावलं की ते ठिकाण बंद होईल. हे दोन्ही कागद त्या शिक्षिकाबाईंना दाखव. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

काल साहेबांना सगळं सांगितलं. ते पेन फिरवत म्हणाले, "कोर्टात कंपनीचं नाव येणार का?" मी हो म्हणालो. आज टेबल रिकामं केलं. हे तुला कीव यावी म्हणून लिहीत नाही. तू खुर्ची सांग म्हणालीस, ती आता उरली नाही, एवढंच.

तात्या


२१ मार्च

ताई,

तू दवाखान्यात तिच्याजवळ थांबलीस ते बरं झालं. इथं बसस्टँडच्या बाकावर बसून लिहितोय.

त्याच्या वकिलानं तुझ्या जबाबातलं माझं सात तारखेचं वाक्य वाचून दाखवलं. पृथ्वीचं आयुष्य वगैरे. मागे कुणीतरी हसलं. मग म्हणाला, "तेव्हा अशक्य होतं, आता शक्य आहे. तुम्ही खोटं नक्की कधी बोललात?"

मी म्हणालो, "तेव्हा न बघता बोललो. नंतर भ्यायलो, म्हणून गप्प बसलो. आज बघून बोलतोय."

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "करून दाखवा."

कारकुनानं त्याच्या घरून जप्त केलेल्या तिच्या जुन्या फोनमधला कोड मोठ्यानं वाचला. ती लिंक आली त्या सकाळचे सगळे सेकंद मी दळायला लावले. कळ दाबली आणि मान वर करायच्या आत उत्तर आलं होतं. नऊ वाजून बेचाळीस मिनिटं, सात सेकंद. बत्तीस अक्षरं तंतोतंत. बाईंनी वाकून दोन्ही कोड स्वतः ताडून बघितले. मग लॉग उघडला. ते एकोणीस हजार 'नाही' त्याच्या कार्यालयातल्या जोडणीवरून आलेले. त्या वेळी त्या टेबलावर तोच होता, हजेरीत सही आहे.

जामीन नाकारला. पळवून नेल्याचा गुन्हा कायम राहिला. तिनं बोलावलं हे म्हणणं बाईंनी सरळ खोडून काढलं.

त्याला नेत होते तेव्हा तो माझ्यासमोर थांबला. ओळखीचा असल्यासारखा हसला. म्हणाला, "सर, मला वाटलं होतं अवघड असेल."

ताई, मी इथं दोन बस सोडल्या.

तुझा तात्या


९ एप्रिल

तात्या,

निकालाचं टेलरबाईला मी सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले. म्हणाली, "म्हणजे मी बोलावलं नव्हतं हे कागदावर आलं." मी म्हटलं, आलं. तुझ्याबद्दलही सांगितलं, काही न लपवता. ती म्हणाली, "त्यांना माफ बिफ मी करणार नाही. पण ते आले, हे लक्षात ठेवीन." जसं बोलली तसं लिहिलंय.

हाताची दोन बोटं वळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. काठी धरून चालते.

मावशींकडे तीनदा जाऊन आले. दार उघडतात, पाणी देतात. परत येणार का विचारलं तर म्हणाल्या, "चोर म्हणून बाहेर काढलंत, आता देव म्हणून आत बोलवू नका. मला माणूस म्हणून कधीतरी भेटा." मी तशीच जात राहणार आहे. तूही जा. पिशवीत हात माझा होता, पण बोट तू दाखवलं होतंस.

आता आजचं. तिला दूरच्या गावी पाठवायचं ठरलं होतं. मी काळी खिडकी उघडली तर मागून म्हणाली, "माझा कोड मी काढते." शब्द मी टाइप केले, कळ तिनं दाबली, डाव्या हातानं. चौसष्ट अक्षरं पडली. ती वाकून बघत राहिली. "हे वाचायचं कसं?"

"वाचायचं नसतं. जपायचं असतं."

"तुम्हाला ठाऊक होतं हेच येणार?"

"नाही."

"तुमच्या भावाला?"

"त्यालाही नाही."

तिनं पुन्हा कळ दाबली. वेगळा आला. पुन्हा दाबली. सहा कोड झाले तरी थांबेना. मी अडवलं नाही. सातवा तिनं ठेवला.

आठ वाजता ती निघाली; त्या गावी उतरल्यावरच तिनं पान उघडायचं, असं ठरलं होतं. मी मशीनसमोरून हलले नाही. लॉग उघडा ठेवून बसले होते, भलतीच ओळ उमटेल या धास्तीनं. तासभर काही नाही. दोन तास काही नाही. मोठ्या बाई दोनदा डोकावून गेल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी एक ओळ उमटली. चौसष्ट अक्षरं, आणि पुढे 'हो'. पान एकदाच उघडलं आणि पुसलं गेलं. त्यानंतर दिवसभर दुसरी ओळ नाही.

पोचली.

ताई